तांबोळीबाई आणि त्यांच्या बॅटऱ्या

"सगळ्यात जास्त उजेड पडणारी द्या," असं मी दुकानदाराला म्हणाले आणि मागून आवाज आला, "कशाला? अंगनात इमान उतरवायचंय का?"

मी वळून पाहिलं. ठेंगणा, भरलेला बांधा, डोक्यावरून घेतलेला हिरवा पदर, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा आणि कडेवर मूल घ्यावं तशी पुढ्यात धरलेली गच्च फुगलेली पर्स. कुंडलच्या शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. या बाई चौथीच्या वर्गावर आहेत आणि त्यांचं आडनाव तांबोळी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. मी साताऱ्याची. बॅटरी म्हणजे लाईट गेल्यावर लावायची वस्तू, यापलीकडे मी तिचा कधी विचार केला नव्हता.

"लाईट जातात ना इथं," मी म्हणाले, "म्हणून म्हटलं, मोठी घ्यावी."

"ते झालं. पन अंधारात तुमी काय करनार हाय?"

"काय करणार म्हणजे? दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पायजे?"

मग त्यांनी मला पोलिसासारखं विचारायला सुरुवात केली. खोली कुणाची घेतलीत, संडास कुठं, मोरी कुठं, पाणी कुठून आणता. संडास परसात पलीकडच्या कोपऱ्यात आहे, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी एका हातात बादली असनार. व्हय का न्हाई? मग राहिलेल्या हातानं धरता आली पायजे, त्याच हातानं लावता आली पायजे. मोठी घिऊन काय करता? बादली डोक्यावर घेनार?" आणि दुकानदाराकडं वळून त्या म्हणाल्या, "बाबूशेठ, शटर वढा."

"बाई, नको ओ," बाबूशेठ कळवळले. "गिऱ्हाईक हाय दुकानात."

"असू द्या की. त्यास्नी बी कळंल. भर उनात बॅटरी बघून घेनं म्हंजी डोळं मिटून साडी घेनं."

भर दुपारी शटर खाली आलं. आत मी, मोटारीच्या स्टार्टरसाठी आलेला एक बागायतदार, मिक्सरचं भांडं घेऊन आलेल्या एक आजी, बाबूशेठ आणि तांबोळीबाई. मिट्ट काळोख. त्या काळोखात बाईंचा आवाज आनंदानं नुसता फुललेला होता. त्यांनी पहिली बॅटरी छतावर मारली. "हिचा झोत बगा, नुसता काठीवानी. लांबचं दिसतं, पायाखालचं दिसत न्हाई. रानात पानी पाजायला बरी. तुमाला न्हाई." दुसरीचं बटण दाबल्याबरोबर ती झपझप उघडझाप करायला लागली. "ही बॅटरी हाय का वरात?" बाई ओरडल्या आणि आजी खो-खो हसत सुटल्या. तिसरी त्यांनी दातात धरून पाहिली, "दोनी हात कामात असलं की अशीच धरावी लागती," आणि लगेच काढून टाकली, कारण ती जड होती. चौथी काउंटरवर ठेवली, ती गोल होती, गडगडत जाऊन खाली पडली. "पलंगाखाली जानारी बॅटरी शोधायला दुसरी बॅटरी लागंल." पाचवी आपल्या हातानं उंचावरून फरशीवर सोडली.

"बाई! ओ बाई!"

"यांच्या हातनं कवा तरी पडनारच हाय. आत्ताच पडू दे."

पाचवी पडूनही चालू राहिली. ती बोटाएवढी होती, अंगाला सहा कडा, म्हणून गडगडत नव्हती. बटण मागच्या टोकाला. दाबलं की आधी मंद लागायची, आणखी दाबलं की मोठी. साधा पेन्सिल सेल, गावातल्या कुठल्याही दुकानात मिळणारा. बाईंनी ती माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं आपल्या हातानं मिटवली आणि म्हणाल्या, "आता दाबा." मी दाबली. छतावर मऊ उजेडाचं एक वर्तुळ उमटलं आणि त्या उजेडात सगळ्यांचे हसरे चेहरे दिसले. स्टार्टरवाला बागायतदार म्हणाला, "बाई, माझ्यासाठी बी एक बगा की." शटर बराच वेळ वर गेलंच नाही.

*

तांबोळीबाई मूळच्या म्हसवडच्या. लग्न होऊन कुंडलला आल्या, पण बोलणं माणदेशातलंच राहिलं. वर्गात पुस्तकातली शुद्ध भाषा, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की "लय" आणि "व्हय". त्यांचे यजमान रज्जाकभाई शिंपी. ते फार कमी बोलत आणि बाईंच्या सगळ्या साड्यांच्या परकरांना त्यांनी न सांगता आतून एक खिसा शिवून दिला होता, बॅटरीपुरता. याहून मोठं प्रेमपत्र मी पाहिलेलं नाही.

हे वेड बाईंना कुठून लागलं, हे मी अनेकदा विचारलं. दरवेळी नवीन उत्तर मिळालं. एकदा म्हणाल्या, लहानपणी चपलेत विंचू बसला होता. एकदा म्हणाल्या, म्हसवडच्या जत्रेत हरवले होते आणि एका बॅटरीवाल्या बाबानं शोधलं. एकदा म्हणाल्या, "अंधारात भजी समजून साबन खाल्ला हुता." मी म्हणाले, "बाई, यातलं खरं कुठलं?" तर म्हणाल्या, "तुमाला जे आवडंल ते घ्या."

माणसांची पारखही त्या बॅटरीसारखीच करायच्या. आमचे मुख्याध्यापक जिल्ह्याच्या बैठकीत जोरदार बोलत आणि शाळेतल्या फुटक्या फळ्याकडं त्यांचं लक्ष नसे. "झोत लांबचा हाय त्यांचा. जवळचं दिसत न्हाई." स्वयंपाकाच्या सखूमावशींबद्दल म्हणत, "ह्या बगा, मंद, पन रात्रभर चालतील." मी धीर करून एकदा विचारलं, "आणि मी?"

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "उजेड चांगला हाय तुमचा. बटन लय घट्ट हाय."

हे ऐकून मी दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कशावरून तरी मोठ्यानं हसले, तर त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "बगा, लागली!"

*

शाळेच्या मागच्या गल्लीत निकम सुभेदार राहायचे. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. त्यांनी मोबाईलवरून एक बॅटरी मागवली. ती काळ्या पेटीत, फोमच्या गादीवर निजून आली. सुभेदार ती घेऊन संध्याकाळी थेट शाळेच्या मैदानात आले, बाईंना दाखवायला.

"मॅडम, ये देखो. हिचा उजेड समोरच्या डोंगरापर्यंत जातो."

"डोंगरावर तुमचं रोज काय काम असतं?"

"काम कायबी न्हाई. पन जातो!"

त्यांनी बटण दाबलं. खरोखरच गेला. डोंगरावरची झाडं उजळली, लिंबावरचे कावळे सकाळ झाली समजून ओरडायला लागले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीसुद्धा वाजवल्या, त्यांना चांगल्या वस्तूचा कधी हेवा वाटत नसे. मग त्यांनी बॅटरी हातात घेतली, पुढच्या काचेजवळ तळवा नेला आणि चटकन मागं घेतला.

"सुभेदार, ही तापती लय. खिशात ठेवताना मागचं झाकन जरा सैल करत जा. न्हाईतर आत दाबली गेली की आपोआप लागंल."

"मॅडम," सुभेदार हसले, "आम्ही बर्फात बंदूक सांभाळली. बॅटरी काय चीज आहे!"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पंधरा ऑगस्ट आला. पाहुणे सुभेदारच. पांढराशुभ्र सफारी, छातीवर पदकं, आणि भाषणात मुलांना दाखवायची म्हणून उजव्या खिशात ती बॅटरी. झेंडा फडकला. फुलं पडली. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

मी आणि तांबोळीबाई समोरच्याच रांगेत होतो. राष्ट्रगीताच्या दुसऱ्या ओळीला माझं लक्ष गेलं. सुभेदारांच्या उजव्या मांडीवर, पांढऱ्या कापडाच्या आतून, पौर्णिमेचा चंद्र उगवला होता.

सुभेदारांचा चेहरा आधी लाल झाला. मग मिशांची टोकं थरथरली. मग कपाळावरून घाम वाहायला लागला. पण हात कपाळावरून हलला नाही, की टाच टाचेपासून सुटली नाही. चंद्राच्या कडेनं कापड पिवळं पडायला लागलं. बाईंना दिसत होतं, मला दिसत होतं, आणि आम्हीही सावधान उभ्या होतो. काय करणार? माझ्या शेजारून बाईंचा गाण्याचा आवाज एकाएकी जलद व्हायला लागला. अख्खी शाळा त्यांच्या सुरात गाते, त्यामुळे मुलंही जलद गायला लागली. आमच्या शाळेचं राष्ट्रगीत त्या दिवशी जेवढं लवकर संपलं तेवढं कधी संपलं नसेल. नियमाची वेळ असते हे ठाऊक आहे, पण त्या दिवशी आमच्यापुढं एक माणूस शिजत होता.

शेवटचं "जय हे" झालं, सुभेदारांचा हात खाली आला आणि दुसऱ्याच क्षणी ते मैदान ओलांडून पळत सुटले. हातपाय धुवायच्या हौदात पदकांसकट बसले. फसकन आवाज आला. मुलांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या, पहिलीतली एक मुलगी "वन्स मोर" ओरडली.

बाई धावत हौदापाशी गेल्या. "सुभेदार, भाजलं का लय?"

हौदात गळ्यापर्यंत बसलेले सुभेदार म्हणाले, "कातडं जरा गेलं, मॅडम. पँट गेली. सलाम न्हाई गेला."

तांबोळीबाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला, टाचा जुळवल्या आणि त्या भिजलेल्या माणसाला सलाम केला. सुभेदारांनी हौदातूनच तो परत केला. त्यानंतर मात्र दोघांनाही जे हसू आलं, ते थांबेना. मुख्याध्यापक भाषणाचा कागद घेऊन ताटकळत उभे.

चार-आठ दिवसांनी सुभेदार लंगडत शाळेत आले. आवाज अगदी खाली. "मॅडम, मला एक साधी बॅटरी बगून द्या."

"अंधारात काय करनार हाय?"

या वेळी सुभेदारांनी डोंगराचं नाव काढलं नाही. म्हणाले, "आई हाय माझी. नव्वदीला आली. रात्री तिला मोरीकडं न्यायला लागतं. एका हातानं तिला धरतो, दुसऱ्या हातानं दार. मोठा उजेड पडला की तिचं डोळं दिपतात आन् ती भ्यायती. मलाच वळखत न्हाई."

बाईंनी पर्समध्ये हात घालून दोरीत ओवलेली एक चपटी बॅटरी काढली आणि सुभेदारांच्या गळ्यात स्वतःच्या हातानं घातली. उजेड खाली, पायांवर पडेल अशी. इतका मंद की ताकासारखा. "आता दोनी हात मोकळं झालं," त्या म्हणाल्या. "आईला दोनी हातांनी धरा."

*

बाईंची लेक शबाना पलूसला औषधांच्या दुकानात कामाला होती. हुशार, बोलकी, आईसारखीच ठेंगणी. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि बाई एकेक स्थळ मोडीत काढत होत्या. एकाला त्यांनी विचारलं, "लाईट गेली तर काय करता?" तो म्हणाला, "मोबाईल आहे की." बाईंनी चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. "फोन आला की अंधार! असल्या मानसाच्या घरात पोरगी द्यायची?" रज्जाकभाई नुसते उसासे टाकत.

मग औंधचं स्थळ आलं. मुलाचं नाव इम्रान, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. बघण्याच्या दिवशी बाईंनी मलाही बोलावलं, "तुमी बी पारखा." दिवेलागणीची वेळ. मुलाची आई, मामा आणि इम्रान बैठकीत बसलेले, शबाना खिरीच्या वाट्यांचा ट्रे घेऊन आली, दारातल्या मीटरपाशी जरा अडखळली, आणि फट्‌कन लाईट गेली.

मामांनी लगबगीनं मोबाईल काढला आणि त्याचा पांढरा झोत सरळ बाईंच्या डोळ्यांत मारला. बाईंनी चेहरा असा केला की मला वाटलं, गेलं हेही स्थळ. तेवढ्यात इम्राननं खिशातून एक छोटी बॅटरी काढली. मंद लावली. ट्रेमधला रिकामा स्टीलचा पेला घेतला, त्यात ती उभी ठेवली. उजेड छतावर गेला आणि तिथून सगळ्या खोलीत सारखा पसरला. कुणाच्या डोळ्यांत नाही आणि खिरीतला प्रत्येक बेदाणा दिसत होता.

"माशाल्ला," मुलाची आई म्हणाली.

"बगू," तांबोळीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅटरी पेल्यातून उचलली. उलटी केली. मागच्या झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आपल्या प्रत्येक बॅटरीला बाई असा ठिपका लावत, शाळेत दुसऱ्या कुणाच्यात मिसळू नये म्हणून. मी तो पाहिला. बाईंनी पाहिला. शबाना फरशीकडं बघत होती.

"सेल कवा बदलला हुता?" बाईंनी इम्रानला विचारलं.

"ग... गेल्या महिन्यात."

"लय दिवस लावायची नसंल तर काढून ठेवत जावा. गळतो." त्यांनी बॅटरी परत पेल्यात उभी केली. "खीर घ्या. गार हुईल." आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

आत येताच त्यांनी तोंडात पदर कोंबला. खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघते तर हसतायत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"मानेबाई, माझीच बॅटरी! माझ्याच घरात मला दावली! आन् खिडकीतनं बगा जरा."

मी बघितलं. सगळ्या गल्लीत दिवे लखलखत होते.

"मेन स्विच पाडलाय पोरीनं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या. तेवढ्यात बाहेर रज्जाकभाई "फ्यूज बघतो" म्हणून उठलेले ऐकू आले. बाई तिथूनच ओरडल्या, "अवो, बसा खाली! कुटं जाऊ नगा!"

मग ओट्याला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "किती दिवस वळखत असतील वो एकमेकांला? मला सांगायची हिंमत झाली न्हाई तिला. सारखी मोडत सुटले, पोरीनं काय करावं?" त्यांनी डोळे पुसले. या वेळचं पाणी हसण्याचं नव्हतं. "पन डोकं कसं चालवलं बगा. पेल्यात ठेवायचं तर मी तिला बी कवा शिकवलं नव्हतं. ते त्याचंच असनार."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! साखर घ्या ती."

साखर घेऊन आम्ही बाहेर गेलो. बाईंनी पहिल्यांदा मुलाच्या आईच्या तोंडात घातली, मग शबानाच्या. शबानाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. शबानानं दचकून वर पाहिलं आणि भर पाहुण्यांत आईच्या गळ्यात पडली. त्या काय बोलल्या ते शबानानं मला लग्नात सांगितलं: "मेन स्विच पाडलास ते बरं केलंस, पन फ्रीजमधली बासुंदी नासली तर तूच खायची."

*

पुढं माझी बदली साताऱ्याकडं झाली. फोन चालू असायचा. एकदा सकाळी सकाळी बाईंचा फोन आला आणि पलीकडून किंचाळल्यासारखा आवाज, "मानेबाई, मी अख्ख्या गावाला फशिवलं!"

त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? घरातल्या बॅटऱ्या काढून भिंतीवर मारून बघितल्या. ज्यांचा उजेड पिवळसर, डोळ्याला गार वाटणारा म्हणून त्यांनी लोकांना निवडून दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या निळ्याशार पांढऱ्या निघाल्या. पिवळेपणा होता तो बाईंच्याच डोळ्यांत.

"आन् आमच्या ह्यांचा सदरा मी क्रीम समजत हुते, तो पांढरा हाय! किती वर्सं झाली, ह्यांनी एका शब्दानं सांगितलं न्हाई!" मागून रज्जाकभाईंचं हसणं ऐकू येत होतं. मी त्यांना हसताना ऐकलं ते बहुधा पहिल्यांदाच. "आता समद्यांच्या घरी जाऊन परत बगाया पायजे, बाई. लय काम पडलं!" हे संकट त्यांनी लॉटरी लागल्यासारखं सांगितलं.

त्याच महिन्यात मी कामासाठी पलूसला गेले होते आणि परतीच्या गाडीसाठी कुंडलच्या फाट्यावर उभी होते. रणरणतं ऊन. उसाच्या ट्रॉल्यांची रांग चाललेली, त्यांच्यावरच्या कर्ण्यांवर गाणी. इतक्यात पलीकडून एक मोटारसायकल आली. पुढं रज्जाकभाई, टोपी घट्ट दाबून बसलेले. मागं तांबोळीबाई, ऑपरेशननंतरचा मोठा काळा गॉगल घातलेल्या, एखाद्या नटीसारख्या, आणि दोघांच्या मध्ये मोठं खोकं.

मी जोरात हाक मारली. बाईंनी मान फिरवली, मला ओळखलं आणि दोन्ही हात वर केले. खोकं कलंडलं, रज्जाकभाई ओरडले, बाईंनी ते पोटानं दाबून धरलं आणि वळून वळून मला काहीतरी ओरडून सांगायला लागल्या. ट्रॉलीवरच्या गाण्यात मला एक अक्षर ऐकू येईना. त्या काहीतरी विचारत होत्या, एवढं मात्र त्यांच्या हातांवरून कळलं. पुन्हा विचारलं. पुन्हा.

शेवटी मीही हात उंच करून जीव खाऊन ओरडले, "व्हय! व्हय!"

बाईंचं समाधान झालं. त्यांनी अंगठा दाखवला, रज्जाकभाईंच्या पाठीवर एक थाप मारली आणि गाडी उसाच्या वळणाआड गेली. हिरवा पदर तेवढा थोडा वेळ फडफडताना दिसला.

मी कशाला हो म्हणून बसलेय, ते मला अजून कळलेलं नाही.